पोरकीचं पांघरूण

गोठ्यात राबणाऱ्या माणसाला भ्यायला सवड नसते. पहाटे उठून शेण काढा, धारा काढा, दुधाची गाडी यायच्या आत कॅन भरून फाटकाशी नेऊन ठेवा, आणि जरा पाठ टेकावी म्हणेपर्यंत संध्याकाळच्या धारांची वेळ झालेलीच असते. ही गोष्ट जिची आहे ती अशीच कामात बुडालेली बाई. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. ती मूळची शिंप्याची मुलगी. लग्न होऊन या दूधवाल्याच्या घरात आली, तेव्हा गाय शिंगानं मारते की लाथेनं, हेसुद्धा तिला धड ठाऊक नव्हतं. आता मात्र अंधारात नुसत्या रवंथाच्या आवाजावरून ती गाय ओळखायची, आणि नवऱ्याला ती ओळखता आली नाही की त्याची यथेच्छ टिंगल करायची.

घरात माणसं मोजकीच होती. नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची चिंगी. चिंगीला नवस-सायासानं झालेल्या पोरीसारखं कोणी जपत नव्हतं, पण वहिनीचा सगळा जीव तिच्यात होता. दुसरं मूल व्हायचं नाही असं डॉक्टरांनी त्याच बाळंतपणात सांगून टाकलं होतं. चिंगीच्या काखेत कायम एक दुपटं असायचं. पिवळं, कडेला हिरवी फीत लावलेलं. पोटुशी असताना वहिनीनं ते स्वतःच्या हातानं शिवलं होतं. त्याचा कोपरा नाकाशी धरल्याशिवाय चिंगीला झोप यायची नाही. सासूबाईंना ते दुपटं डोळ्यांसमोर नकोसं व्हायचं.

"टाक गं ते चिंधूक आता. घोडी झाली पोर."

"असू दे हो आई. माझ्या हातचं आहे," वहिनी हसून म्हणायची आणि विषय तिथंच संपायचा.

त्या वर्षी थंडीत धुकं असं येऊन बसलं की उठायचं नावच घेईना. भर दुपारी गोठ्यात दिवे लावावे लागायचे आणि फाटकापासून रस्ता दिसायचा नाही. वीज तर मर्जीची मालकीण होती. आली तर आली. अशा दिवसांत त्यांची तांबडी गाय व्याली. कालवड झाली. पडली, धडपडत उभी राहिली, आईच्या डाव्या बाजूला जाऊन मागचं सड तोंडात धरलं आणि पहिल्याच झटक्यात चार घोट चीक प्याली. वहिनीला कोण आनंद झाला! "हुशार आहे गं बाई, लगेच धरलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालवड थंडगार होऊन पडलेली सापडली. कशानं गेली ते कळलं नाही.

तांबडी तिला चाटतच होती. नवऱ्यानं वासराला ओढत बाहेर नेलं तेव्हा गायीनं दाव्याला असा हिसडा दिला की खुंटा हलला. मग ती हंबरायला लागली आणि थांबेचना. पान्हा तर तिनं चोरलाच. कास भरून ताठ झाली होती, हात लावू देत नव्हती. जुन्या वळणाची गाय ती. वासरू पुढ्यात असल्याशिवाय दुधाचा थेंब सोडणार नाही. दूध तसंच साचून राहिलं तर कास दगडासारखी होणार, ताप चढणार आणि गायही हातची जाणार, हे वहिनीला दिसत होतं.

दुपारी कोपऱ्यावरचे काका ढकलगाडी घेऊन आले. गाडीत गोणपाटात गुंडाळलेलं एक वासरू होतं.

"आमची गाय व्यायली आणि गेली," ते म्हणाले. "ही पोर तेवढी मागे राहिली. तुमच्या तांबडीचं असं झालं कळलं, म्हटलं बघावं... दोघींचंही भलं होईल."

बांड्या रंगाची, अंगावर पांढरे पट्टे असलेली कालवड होती, अजून पुरती सुकलेली नव्हती. वहिनीनं तिथल्या तिथे तिचं नाव पोरकी ठेवलं. तिला तांबडीपुढे उभी केली, तर तांबडीनं एकदाच हुंगलं आणि शिंगानं असं भिरकावलं की वहिनीनं मध्ये पाय घातला म्हणून ती वाचली. पुन्हा नेली, पुन्हा तेच. बाटलीनं पाजायला गेलं तर पोरकी रबरी बोंडी जिभेनं बाहेर ढकलायची. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते धुक्यात तिकडे दुसऱ्या टोकाला अडकले होते. "आज पोटात चीक गेला नाही तर काही खरं नाही," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी लेकाला विचारलं, "मेलेली पुरलीस का रे?"

"नाही अजून. खणतोय."

"थांब. आधी कातडं उतरव तिचं."

नवऱ्याचं तोंड कसनुसं झालं. पण आईपुढे त्याचं कधी चाललं होतं, ते आज चालणार! थोड्या वेळानं तो कातडं घेऊन आत आला. लालसर केसांचं, आतून ओलं, अंगरख्याएवढं. त्याचा वास सगळ्या गोठ्यात पसरला. सासूबाईंनी पोरकीला गुडघ्यांत धरलं, तिच्या पाठीवर ते कातडं पसरलं आणि जुन्या धोतराच्या चिंध्यांनी बांधायला घेतलं. पोटाखालून गाठ, गळ्याशी जरा सैल, शेपटीकडे दोन फेरे. त्यांचे हात भराभर चालत होते. वहिनी शिवणकामातली, तिला ते बघून मनातून कौतुक वाटलं.

"ही युक्ती मी कधी पाहिली नाही तुमची, आई."

"रोज कुठे वेळ येते? फार वर्षांनी बांधतेय." गाठ दातांनी आवळत सासूबाई म्हणाल्या, "आईला फसवणं सगळ्यात सोपं असतं. ती तोंड बघत नाही, वास बघते. वास ओळखीचा दिला की झालं. छाती भरलेली असते, तिलाही कोणीतरी हवंच असतं. आधी बावरेल, मग घेईल जवळ."

वहिनीच्या मनात काहीतरी खट्कन अडकलं. हे शब्द नव्हे, पण हाच सूर, असाच समजुतीचा, तिनं कुठेतरी ऐकला होता. कुठे ते आठवेना. आठवायला वेळही नव्हता.

"आणि काढायचं कधी हे?"

"हिच्या दुधाची धार पोरकीच्या पोटातून गेली की पोरकीला हिचाच वास यायला लागतो. मग काढायचं. ठेवायचं नाही अंगावर. काम झालं की काढायचंच."

पोरकीला पुन्हा तांबडीपुढे उभी केली. गायीनं मान लांबवली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिच्या घशातून असा एक खोल, मऊ आवाज निघाला की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तांबडी कातडं चाटायला लागली आणि बघता बघता चारही सडांतून दूध आपोआप टपकायला लागलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

खरी पंचाईत पुढेच होती. गाय फसली, पण पोरकी पिईना. वहिनीनं बोटं चिकात बुडवून तिच्या तोंडात घातली, तर ती बोट चोखायची. तसंच बोटासकट तोंड सडापाशी नेलं की जबडा घट्ट मिटायची आणि थरथर कापायची. सडाची धार तिच्या ओठांवर मारून झाली, मानेखाली हात देऊन झालं, चुचकारून झालं, शिव्या देऊन झाल्या. वहिनीच्या नाकी नऊ आले. पोरकी मागेमागेच सरकत होती. भुकेलं वासरू सडापासून पळतं, हे वहिनी पहिल्यांदाच पाहत होती.

ती कपाळाचा घाम पुसत मागे टेकली, तेव्हा तिला आवाज आला. चुक्... चुक्... चुक्. लुचण्याचा आवाज. गायीच्या पलीकडून, डाव्या बाजूनं. तिनं वाकून पाहिलं. तिथं भिंत होती आणि ओला भुसा. तांबडीचं डावं मागचं सड मात्र बाकीच्यांपेक्षा लहान झालं होतं, आणि त्याच्या टोकाला पांढरा फेस होता.

वासरू पिताना येतो, तसा फेस.

"गळलं असेल," नवरा म्हणाला. त्यानं सडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासेची डावी बाजू रिकामी, लुळी पडलेली होती आणि उजवी बाजू फुटायला आलेली. पोरकी कोपऱ्यात अंग चोरून पडली होती. तोंड कोरडं, डोळे आत गेलेले. चमच्यानं घातलेलं निम्मं बाहेर येत होतं. आणि तांबडी तिच्याकडे बघतही नव्हती. तिची मान डावीकडे वळलेली होती, आणि ती जीभ बाहेर काढून, अगदी मायेनं, सावकाश, रिकामी हवा चाटत होती.

वहिनीनं तिला हाका मारल्या, पाठीवर थाप मारली. गाय ढिम्म. जिभेची ती फेरी खालून वर, खालून वर चाललेली. वासराच्या मानेएवढ्या उंचीवर.

दिवसभर वहिनी पोरकीपाशी बसून होती. तिसऱ्या प्रहरी चिंगी दुपटं काखेत घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

"आई, ती दुसरी कुठे गेली?"

"कुठली दुसरी? ती गेली ना काल. सांगितलं ना तुला."

चिंगीनं दुपट्याचा कोपरा नाकाशी धरला आणि आली तशी घरात निघून गेली. पोरांचं काय मनावर घ्यायचं, असं वहिनी स्वतःशी म्हणाली. पण तिनं स्टूल जरा दिव्याखाली सरकवलं.

संध्याकाळ झाली आणि वीज गेली. धुक्यामुळे खिडक्यांतूनही उजेड येत नव्हता. गायी एकदम गप्प झाल्या. रवंथसुद्धा थांबलं. वहिनीनं मांडीवर पोरकीचं डोकं घेतलं होतं, कंदील लावायला उठावं तर ते खाली ठेववेना. अंधारात तिचा एक हात पोरकीच्या पाठीवर होता. त्या हाताखाली कातडं हललं.

पोरकी हलली नव्हती. ती निपचित होती. नुसतं कातडं हललं. मागच्या बाजूनं कोणीतरी ओढावं तसं. एकदा... थांबून पुन्हा एकदा. गळ्याशी बांधलेली चिंधी ताणली गेली आणि पोरकीच्या घशातून घुसमटल्याचा आवाज आला.

"कोण आहे?" वहिनीनं विचारलं.

मग तिच्या डाव्या मांडीला काहीतरी टेकलं. वासरू लाडात येऊन टेकतं तसं. वजन ओळखीचं होतं, परवाच तिनं ते हातांत घेतलं होतं. तिनं नकळत हात खाली नेला, कुरवाळायला. हाताला ओलं लागलं. गुळगुळीत, ऊबदार आणि ओलं. मान होती, खांदा होता, बरगड्या होत्या. केस नव्हते. कुठेच केस नव्हते.

ती कशी उठली, पोरकीला कशी उचलली, अंगण कसं ओलांडलं, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात मेणबत्तीपुढे बसून धान्य निवडत होत्या. वहिनीनं पोरकीला जमिनीवर ठेवलं आणि तुटक तुटक शब्दांत सगळं सांगितलं. सासूबाईंचे हात थांबले. त्या 'काहीतरीच काय' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"कातडं सोड तिचं. आत्ता."

"पण ती प्यालीच नाही अजून... तांबडी मारेल तिला..."

"नाही पिणार. जिचं आहे ती पिऊ द्यायची नाही." त्या गाठी सोडायला स्वतःच पुढे सरकल्या. त्यांची बोटं आज चाचपडत होती. "लहानपणी आमच्याकडे झालं होतं एकदा. जिचं होतं तिला परत नेऊन दिलं, तेव्हा थांबलं. जिथं पुरलंय तिथं जा. नेऊन ठेव तिच्याजवळ. मी हिला बघते."

वहिनीनं कातडं घडी करून काखेत घेतलं, फावडं आणि बॅटरी घेतली आणि गोठ्याच्या मागे गेली. पळून जावंसं वाटत होतं, पण पोरकी मरत होती आणि पळून जाणाऱ्याच्या गायीची धार कोण काढतं? मागे धुकं आणखी दाट होतं. बॅटरीचा उजेड हातभर जाऊन थांबत होता. भिंतीच्या कडेनं चाचपडत ती एका उघड्या जागेशी आली. आसपास चाऱ्याचे भारे, मोडके कॅन, सगळं रचलेलं, आणि मधे तेवढा तुकडा मोकळा. हीच असणार. तिनं फावडं मारलं.

"तिथे नको!"

नवरा धुक्यातून धावत आला. तो असा ओरडलेला तिनं आठ वर्षांत ऐकला नव्हता. त्यानं तिच्या हातातलं फावडं हिसकावूनच घेतलं.

"तिथे नको, अगं... कालवड तिकडे आहे. पाण्याच्या टाकीपाशी."

"मग इथे काय आहे?"

या जागेवर तो कधी चारा रचू द्यायचा नाही. ओल येते म्हणायचा. इतकी वर्षं वहिनीनं ते ऐकून घेतलं होतं, आणि आत्ता तिच्या लक्षात आलं की बॅटरीखालची ती माती कोरडी ठणठणीत होती.

"अहो, इथे काय आहे?"

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या काखेतल्या कातड्याकडे पाहिलं. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

कोणी काहीच सांगितलं नव्हतं. पण तेवढ्यानं सगळं सांगून झालं. कालपासून अडकलेलं ते आठवलं. दवाखान्याची खोली. बाळ झाल्याबरोबर पिवळ्या दुपट्यात गुंडाळून तिच्या अंगावर ठेवलं होतं, आणि त्यानं डाव्या बाजूला लगेच धरलं होतं. "हुशार आहे, लगेच धरलं," नर्स म्हणाली होती. मग ताप, ग्लानी, काही कळेना. शुद्धीवर आली तेव्हा सासूबाई उशाशी होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्याच पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. दुपट्याला तिच्याच दुधाचा वास येत होता. ते बाळ काही केल्या प्यायला तयार नव्हतं. तोंड फिरवायचं, मूठ आवळायचं. तिला रडू फुटलं होतं, आणि सासूबाई समजुतीनं म्हणाल्या होत्या, "विसरली असेल गं. तू वास दे तिला. बावरलीय, मग घेईल."

"तीच ना ही?" वहिनीनं मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "माझी?"

"दोनच दिवस होती," नवरा म्हणाला. "तुला ताप होता. डॉक्टर म्हणाले, हिला आता धक्का सोसायचा नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई गेली होती. तिच्या पोरीला कोणी नव्हतं. आई म्हणाली..."

"मीच म्हणाले." सासूबाई धुक्यात मेणबत्ती धरून उभ्या होत्या. "तुझी पोर गेली, तिची आई गेली. तू जगलीस, चिंगी जगली. काय वाईट केलं गं मी?"

"मला विचारायचं होतं! मी गाय आहे का, आई?"

सासूबाईंनी मेणबत्तीच्या ज्योतीला हात आडवा धरला.

"गायीपुढचं कातडं तरी काम झालं की काढता तुम्ही," वहिनी म्हणाली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज फार हळू निघाला. "माझ्यापुढचं तसंच ठेवलंत. सहा वर्षं. रोज माझ्या हातचं जेवलात, रोज मला हसताना पाहिलंत. आणि माझी पोर इथं, चाऱ्याच्या भाऱ्यांमधे. मी रोज हिच्या अंगावरून शेणाची पाटी घेऊन गेले."

"मी किती वेळा म्हटलं, ते दुपटं टाकून दे म्हणून," सासूबाई पुटपुटल्या. "किती वेळा म्हटलं..."

या बाईला दुपट्याचा तिटकारा का होता, ते वहिनीला तेव्हा कळलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, यांनीही काहीतरी ऐकलेलं असणार, हेही कळलं. त्यांना तोंडावर विचारायची तिला हिंमत झाली नाही.

तिनं फावडं परत मागून घेतलं. टाकीपाशी जाऊन तिनं नुकतीच लोटलेली माती उकरली, कातडं आत ठेवलं, हातानं नीट पसरलं, कडा दाबल्या. मग माती लोटली. नवरा मदतीला वाकला, तर तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मागे सरला.

पोरकीला तिनं तशीच, कातड्याशिवाय तांबडीपुढे नेलं. पाय लटपटत होते पोरकीचे. गायीनं मान डावीकडून सरळ केली, जणू इतका वेळ ती दुसरीकडेच होती. बांडं, परकं, भुकेनं कापणारं ते पोर तिनं हुंगलं. नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. वेळ लागला. फार वेळ लागला. वहिनी मध्ये पाय घालायच्या तयारीनं उभी होती. शेवटी तांबडीनं जीभ बाहेर काढली आणि पोरकीच्या कपाळावरून एकदा फिरवली. पोरकीनं स्वतःहून मान खाली घातली, उजवं सड शोधलं आणि अशी ढुशी दिली की गाय हलली. घटाघट पिण्याचा आवाज गोठाभर झाला. पलीकडे भिंतीशी काहीही नव्हतं.

वहिनीला रडू आलं. आनंदाचं की कसलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. गायीलासुद्धा खरं काय ते दाखवून मग निवड करू दिली होती. तिला तेवढंही मिळालं नव्हतं.

घरात अजून अंधार होता. नवरा आणि सासूबाई बाहेर ओट्यावर बसले होते. वहिनी त्यांना ओलांडून आत गेली. चिंगी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"दुपटं कुठे गं तुझं?"

"दिलं."

"कोणाला?"

"तिला. ती रोज ओढते." चिंगीचे दात थंडीनं वाजत होते. "रोज मी घट्ट धरून ठेवते. आज तिला फार थंडी वाजत होती. मग मी सोडलं."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. शेजारी जे पोर बसलं होतं ते कोणा दुसरीचं होतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं. त्या बाईचा चेहरासुद्धा तिनं पाहिला नव्हता.

"आई," चिंगी घाबरत म्हणाली, "आता मला घेशील?"

वहिनी वाकली. चिंगीच्या केसांत तिनं नाक खुपसलं आणि हुंगलं. दुपट्याचा वास गेला होता. दुधाचा नव्हता, धाग्याचा नव्हता. एका लहान मुलीच्या डोक्याचा वास येत होता, घामाचा, आणि गोठ्याचा थोडासा. तिला वेळ लागला. दारात दोन सावल्या येऊन थांबल्या होत्या, त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही. यांना ती या जन्मात माफ करणार नव्हती. पण या पोरीनं काय केलं होतं? तिनं चिंगीच्या कपाळावरून हात फिरवला आणि तिला उचलून उजव्या कुशीत घेतलं. चिंगीनं गळ्याला मिठी मारली आणि लगेच तिचा श्वास जड झाला.

तेव्हा डाव्या कुशीत काहीतरी शिरलं.

वजन अगदी थोडं होतं. दोन दिवसांच्या बाळाएवढं. थंड होतं. वहिनी हलली नाही. तिच्या बोटांना फितीची कड लागली, आपणच घातलेली टीप लागली, एक टाका जरा सुटलेला होता तोही लागला. सहा वर्षं कोरडी असलेली तिची छाती एकाएकी भरून आली आणि डावीकडे पोलकं ओलं होत गेलं. अंधारात आवाज येऊ लागला. चुक्... चुक्... चुक्.

"अगं... कसला आवाज येतोय?" दारातून नवऱ्यानं विचारलं.

वहिनीनं उशाशी पडलेली शाल ओढली आणि नीट, कडा दाबून, दोघींवर पांघरली.